फोंडकर येऊन गेला

रविवार, १ जानेवारी १९५६

वडिलांच्या ऑफिसात साहेबांना डायऱ्या भेट येतात. त्यातली एक उरली, ती वडिलांनी मला दिली. "रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे अक्षर बिघडणार नाही," म्हणाले. वडिलांना माझ्या अक्षराची फार काळजी. माझी आहे का, ते त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही.

वैशाखात लग्न झालं आणि ठाकूरद्वारच्या खोलीतून मी डिलाईल रोडच्या ह्या खोलीत आले. खोली तेवढीच, जिना तसाच अंधारा, नळावरची भांडणंही तीच. फरक फक्त हसण्याचा. आमच्याकडे वडील जेवायला बसले की वाटीचा आवाज झालेला चालत नसे. इथे जेवताना कुणाला तरी ठसका लागेपर्यंत हसणं चालतं, आणि कशाला हसतात ते मला कळत नाही. कळलं नाही की मलाच हसतात असं वाटतं. तसं नसेलही, पण वाटतं खरं.

आज केसांचा आकडा सापडेना. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "फोंडकर येवन गेलो." हे हसले, मामंजी हसले. मी विचारलं, कोण फोंडकर? तर आणखीच हसले. शेवटी ह्यांनी गॅलरीत सांगितलं. राऊळांनी, म्हणजे ह्या घराने, ही खोली घेतली त्याआधी इथे बाबाजी फोंडकर नावाचा कोणी राहत होता. ह्यांच्यापैकी कुणीच त्याला पाहिलेलं नाही. पण पुढे कित्येक वर्षं लोक दाराशी येऊन विचारायचे, फोंडकर आहेत का? कधी पोस्टमन, कधी गावाहून नारळ घेऊन आलेला मेहुणा. सासूबाईंनी कंटाळून सांगायला सुरुवात केली, "आत्ताच येऊन गेले." तेव्हापासून घरात काही हरवलं, कुणी शेवटचा लाडू खाल्ला, दूध मांजराने प्यायलं, की फोंडकर येऊन गेला. बिचारा जिवंत आहे की नाही कुणाला ठाऊक, आणि ह्यांच्या घरात तो रोज काहीतरी पळवतो.

आकडा उशीखाली सापडला. मी कुणाला सांगितलं नाही.

रविवार, ८ जानेवारी

ह्या घरची बोली शिकायची तर तिचं पुस्तक काढावं लागेल. आज एवढं कळलं:

कुशामामाचं तवसं. सासूबाईंचे भाऊ कुशाबा एकदा गावाहून मिलच्या जॉबरसाठी, मुकादमासाठी, हे एवढं तवसं म्हणजे मोठी काकडी घेऊन निघाले. बोटीत दोन दिवस मांडीवर धरून बसले, कुणाला हात लावू दिला नाही, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरताना आनंदाच्या भरात त्याच्यावरच बसले. तेव्हापासून कुठलंही काम अगदी शेवटी बिघडलं की ते कुशामामाचं तवसं.

जाईबाईची चाय. जाईबाई म्हणजे शेजारची. तिचा चहा पाहुणे जिना उतरल्यावर होतो. ती स्वतःच हे मोठ्याने सांगते.

चुना आणणं. ह्यांच्या जन्माच्या वेळी सासूबाई अडल्या. सुईणीने तोंड वाईट केलं तशी मामंजी "चुनो संपलो, घेवन येतंय," म्हणून बाहेर पडले ते दुसऱ्या दिवशी परतले, आणि तेही चुन्याशिवाय. रडारड सोसवत नाही म्हणून कुणी सटकलं की इथे म्हणतात, गेला चुना आणायला.

मामंजींनी सगळा जन्म साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काढला. मागांच्या खडखडाटाने कान जवळजवळ गेलेत. सासूबाई लांबलचक काही सांगतात, शेवटी मामंजी मान डोलवून म्हणतात, "आयकाक येवक नाय, पण पटला." तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून साचेवाले ओठांनी आणि बोटांनी बोलतात. हेही त्याच खात्यात. बापलेक खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसून आवाज न करता बोलतात आणि मध्येच खांदे हलवून हसतात. मी बघत बसते. चोरून ऐकायची सोयसुद्धा नाही.

शनिवार, १४ जानेवारी

पहिली संक्रांत. हिंदमाताहून काळी चंद्रकळा आणली, जाईबाईने हलव्याची माळ आणि बिंदी करून दिली. चाळीतल्या बायका जमल्या. नाव घे, नाव घे करून भंडावलं, आणि मी घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "आवाज खालसून येता हिचो, तळमजल्यावरच्यांनी नाव घेतल्यासारखो." झालं! बायका लोटपोट. मी पण थोडं हसल्यासारखं केलं. सासूबाईंनी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "हस गो, दात फुकटचे आसत."

संध्याकाळी हे म्हणाले, "तू रागावलीस ना?" मी म्हटलं नाही. "मग तोंड का असं फोंडकर लाडू नेल्यासारखं?" मला हसू आलं होतं खरं तर. पण आता हसले तर सकाळपासून रुसले होते ते फुकट गेलं असतं, म्हणून आलं तसं दाबून टाकलं.

सोमवार, १६ जानेवारी

कोपऱ्यावरच्या इराण्याच्या रेडिओपाशी सगळी चाळ उतरली होती. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, दिल्लीच्या ताब्यात राहणार. हे वर आले आणि जेवले नाहीत. खाली कोणी तरी मोठ्याने रडत होतं, पुरुष माणूस.

मामंजींच्या कानात ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, "मुंबय म्हणजे जाईबायची चाय. येतली. पण पिवक आमी बसलेले आसू काय?" आज हसलं कुणीच नाही. जाईबाईही नाही.

मंगळवार, १७ जानेवारी

गिरण्या बंद. हे सकाळी चहा पिऊन गेले. जाताना डब्यातली तिळाची वडी उचलली. मी म्हटलं, पाहुण्यांना ठेवलीय ती. म्हणाले, "विचारलं तर सांग, फोंडकर येऊन गेला."

दिवे लागले तरी आलेले नाहीत. लालबागच्या बाजूने फटाक्यांसारखा आवाज येतो आहे. जाईबाई म्हणते अश्रुधूर. मामंजींना ऐकू येत नाही ते बरं, असं आत्ता मनात आलं.

बुधवार, १८ जानेवारी

आले नाहीत. संचारबंदी आहे. गॅलरीतसुद्धा उभं राहू नका म्हणून खालून पोलीस ओरडून गेले. लोक सांगतात गोळीबार झाला. कुठे, किती, प्रत्येकाचं वेगळं. प्रत्येकाने ऐकलंय, पाहिलं कुणीच नाही.

मी सासूबाईंना विचारलं, कुठे असतील हो हे? त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "खंय जातलो? फोंडकराकडे पाव्हणचाराक गेलो आसतलो." आणि हसल्या. खरंच हसल्या! मी सकाळपासून दाराशी बसून आणि ही बाई पोटच्या पोरावर विनोद करते. मी उठून मोरीत गेले, तांब्याने पाणी ओतत राहिले आणि रडून घेतलं. काय माणसं आहेत ही? आमच्या घरी वडील बोलले नसते, पण निदान हसले तरी नसते.

त्यांनी भाकऱ्या मात्र नेहमीएवढ्याच केल्या.

गुरुवार, १९ जानेवारी

दुपारी दोन तास संचारबंदी उठली. मामंजींनी टोपी घातली. "चुनो संपलो. घेवन येतंय."

मला इतका संताप आला! घरात दोन बायका काळजीने अर्ध्या झाल्यात आणि मामंजी रडणं टाळायला बाहेर. सासूबाई अडवतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "जावा. सांभाळून जावा."

परत आले ते वर न येता खालच्या नळावर गेले आणि धोतरासकट अंगावर पाणी घेतलं. ह्या थंडीत! ओल्याने कुडकुडत वर आले. हातात चुना नव्हता. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, नाही. मग दोघं जेवायला बसली.

शुक्रवार, २० जानेवारी

पुन्हा तेच. चुना. पुन्हा आंघोळ. आज सासूबाईंनी उंबऱ्याबाहेर धुतलेलं धोतर आधीच काढून ठेवलं होतं आणि मला म्हणाल्या, "तू आत बस, बघू नको." म्हातारपणी मामंजींना ताप येईल, मी म्हटलं. म्हणाल्या, "त्यांच्या अंगात म्हशीची रग आसा, काय होवचा नाय." विनोद केला पण आवाज कोरडा होता. मामंजी आज जेवले नाहीत. त्यांच्या अंगाला आंघोळीनंतरही कसलासा औषधी वास येत होता, फिनेलसारखा.

विचारायचं होतं. विचारलं नाही. का, ते इथेसुद्धा लिहिवत नाही.

रविवार, २२ जानेवारी

काल आणि आजही चुना.

सासूबाई ह्यांचं ताट मांडतात. झाकून ठेवतात. सकाळी मला म्हणतात, "फोंडकर नाय जेवक येवक काल," आणि ती भाकरी आपण खातात. मी आता चिडत नाही. त्या बोलायच्या थांबल्या तर काय होईल, ह्याचीच धास्ती वाटते. आज दुपारी घटकाभर गप्प बसल्या होत्या, तर मीच म्हटलं, "आत्याबाई, ते कुशामामाच्या तवशाचं पुन्हा सांगा ना." त्यांनी सांगितलं. बोटीपर्यंत नीट आलं. धक्क्यावर आल्यावर म्हणाल्या, "मग बसलो त्येच्यार," आणि उठून गेल्या.

बुधवार, २५ जानेवारी

मामंजी कामावर जायला लागलेत. जॉबरला सांगितलंय, मुलगा गावी गेलाय, आजी आजारी आहे. पकडला गेलाय किंवा मोर्च्यात होता असं कळलं तर ह्यांचे साचे दुसऱ्याला देतील.

सकाळच्या पाळीनंतर मी आणि मामंजी चौकीवर गेलो. ज्यांची माणसं घरी आली नाहीत त्यांची रांग होती. हवालदाराने मान वर न करता विचारलं, नाव? मामंजींना ऐकू आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. "बेपत्ता माणसाचं नाव सांगा बाई."

मी म्हटलं, ह्यांचं? "तुमचं नाही, त्यांचंच." माझ्या तोंडून नाव निघेना. जन्मात कधी नुसतं घेतलेलं नाही. मागचे लोक ढकलत होते, हवालदार टेबलावर टाक आपटत होता, आणि मला संक्रांतीचंच आठवलं. मी तिथे, चौकीत, सगळ्यांसमोर म्हटलं, "काळ्या चंद्रकळेचा पदर मऊ मऊ, राऊळांच्या घरात माझे धनी लवू."

मला वाटलं आता सगळी रांग हसणार. कुणी हसलं नाही. हवालदारही नाही. त्याने हळूच लिहून घेतलं, लवू राऊळ, आणि पकडलेल्यांच्या कागदांवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. असं कुणी नाही म्हणाला. मग मला दिसू नये अशा बेताने मामंजींकडे बघितलं आणि हाताने खूण केली, तिकडे बघितलंत का? मामंजींनी मान डोलवली.

तिकडे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

रविवार, २९ जानेवारी

अक्षर बिघडलं तरी चालेल, आजचं लिहिते.

जाईबाईचा भाचा रघु तुरुंगातून सुटून आला. तो लालबागचा, ह्यांना कधी पाहिलेलं नाही त्याने, मावशीला भेटायला आला होता. गॅलरीत सगळे त्याच्याभोवती. सासूबाई खाली नळावर होत्या. मामंजी माझ्याशेजारी, सगळे हसले की हसत होते. मी भाजी चिरत होते, लक्ष अर्धवट.

रघु म्हणाला, "आमच्या बराकीत एक नमुना आहे बघा. सकाळी हजेरी घेतात ना, ह्याचं नाव पुकारलं की हा ओच देत नाही. शेजारच्याने कोपर मारलं की मग दचकून हजर! त्यापायी दोनदा रट्टे खाल्ले साल्याने. आपलं नाव विसरतो, बोला! आम्ही आता त्याला मस्करीने सारखी हाक मारतो, ओ फोंडकर, ओ फोंडकर!"

विळी तशीच सोडून मी उठले. "पूर्ण नाव काय?" मी त्याच्या अंगावरच ओरडले असणार. तो घाबरला. "बाबाजी. बाबाजी फोंडकर."

मी मामंजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मामंजी, फोंडकर! फोंडकर!"

मामंजी शांतपणे म्हणाले, "आता काय नेल्यान?"

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले आणि थांबता येईना. जाईबाईला वाटलं मला झपाटलं. सासूबाई कळशी घेऊन वर आल्या, मी त्यांना सांगितलं, त्या कळशीसकट मटकन खाली बसल्या. सगळं पाणी गॅलरीभर. मी म्हटलं, आत्याबाई, हसा ना, तुम्हीच हसत नाही!

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि गो, खरोच फोंडकर आसलो तर?"

सोमवार, ३० जानेवारी

खरोच फोंडकर असला तर?

रात्रंदिवस हेच. इतकी वर्षं ज्याला हसलो तो कुठेतरी राहत असणारच की. लालबागला, परळला, कुठेही. त्याचाही रेडिओ ऐकून संताप झाला असेल, तोही घराबाहेर पडला असेल. मग तो बराकीत आहे, आणि हे नाहीत.

रघुला पुन्हा बोलावून विचारलं, दिसायला कसा? म्हणाला, दाढी वाढलेली, एक डोळा सुजून मिटलेला, बोलत फारसा नाही. बोलत फारसा नाही म्हटल्यावर सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "माझो झील नाय तो. माझो झील गप बसाचो नाय."

मी म्हटलं, स्वतःचं नाव असतं तर ओ दिला असता ना? त्या म्हणाल्या, मार खाऊन माणूस स्वतःचं नाव विसरतो. मामंजी म्हणाले, "आयकाक येवक नाय." पण पटलं म्हणाले नाहीत.

गुरुवार, २ फेब्रुवारी

तुरुंगातल्या मुलाखतीची परवानगी रघुच्या ओळखीने मिळाली. खरं नाव सांगायचं नाही असं ठरलं. खोटं नाव दिलं म्हणून आणखी गुन्हा नको, आणि गिरणीत कळायला नको.

फाटकावरच्या शिपायाने विचारलं, कुणाला भेटायचं? मी ठणठणीत आवाजात सांगितलं, "बाबाजी फोंडकर." नातं? "नवरा." इतक्या सहज! ह्यांचं नाव घ्यायला उखाणा लागला, आणि ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला नवरा म्हणायला जीभ जराही अडखळली नाही. सांगून झाल्यावर मात्र मनात आलं, खरा फोंडकर आला समोर आणि म्हणाला ही कोण बाई, तर? आणि त्याची खरी बायको आज भेटायला आली असली तर? मी मागे वळून एकेका बाईचं तोंड बघत होते.

आत दोन जाळ्या, मध्ये जागा. ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला ते. सगळे एकदम ओरडत होते, पोरं रडत होती, शिपाई काठी आपटत होता. कानात कुणी लोखंड ओतल्यासारखा तो आवाज. शिपायाने पुकारलं, फोंडकर! एक माणूस पुढे आला. दाढी. डोळा काळानिळा. सदरा ह्यांचा नव्हता. उंची तीच, पण खांदे असे पडलेले नव्हते ह्यांचे. मी बघत होते आणि मला ठरवता येईना. स्वतःचा नवरा मला ठरवता येईना!

मग मामंजींनी जाळीला तोंड लावलं आणि ओठ हलवले, आवाज न करता. त्या माणसानेही ओठ हलवले. मामंजींनी दोन बोटं वर केली, आडवी फिरवली. त्यानेही केली.

मी जाळी धरली आणि "अहो!" म्हणून ओरडले.

त्या गोंगाटात फक्त ते दोघं आरामात बोलत होते. बाकी सगळे घसा फाडत होते. मध्येच दोघं खांदे हलवून हसले. हसतानासुद्धा ह्यांची बोटं जाळीत रुतलेली होती, ती सुटली नाहीत. मामंजींनी काहीतरी विचारलं, ह्यांनी मान खाली घातली आणि उत्तर दिलं नाही. मामंजींनी पुन्हा विचारलं नाही. वेळ संपली.

बाहेर आल्यावर मी मामंजींना विचारलं, काय म्हणाले? मामंजी म्हणाले, "फोंडकराची बायको बरी दिसता म्हणालो."

घरी आल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कोण?" मामंजींनी मान हलवली, हो. आज ते नळावर गेले नाहीत. सरळ चपला काढून आत आले आणि पाटावर बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. रोज कुठे जात होते, येऊन आंघोळ कशाची, फिनेलचा वास कशाचा. मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, पण मी स्वतःला कळू दिलं नव्हतं. मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "एका घरात कितक्यांनी त्या चादरीखाली बघूचा? ते बघी व्हते, म्हणान तुका बघूचा लागला नाय."

मी मामंजींच्या पाया पडले. त्यांना वाटलं मी तुरुंगातून आले म्हणून पडतेय. म्हणाले, "आंघोळ कर आधी."

शनिवार, १८ फेब्रुवारी

सुटले! घरी आले.

चाळीने जिन्यातच हार घातला. जाईबाईने चहा केला आणि तो वेळेवर झाला, ह्यावरच निम्मी चाळ हसली. सासूबाईंच्या अंगात वारं शिरलंय. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतात. "पोलिसान इचारला, नाव काय रे? माझो झील काय म्हणता, बाबाजी फोंडकर! बसले शोधीत!" लोक टाळ्या देतात. वा लवू, पोलिसांना चांगलंच गंडवलंस! मग मी चौकीत उखाणा घेतला तेही सांगतात, मामंजींचं "आता काय नेल्यान" सांगतात. हे हसतात आणि मान खाली घालून चहा पितात. डोळा अजून हिरवट आहे. फार बारीक झालेत. दिवसभर मला ह्यांच्याकडे नुसतं बघत बसावंसं वाटलं, पण घर माणसांनी भरलेलं.

एकदा कुणीतरी गॅलरीतून मोठ्याने "लवू!" म्हणून हाक मारली, तर ह्यांच्या हातातला कप सांडला. सासूबाई म्हणाल्या, फोंडकर म्हणा रे त्याला, सवय गेली त्याची.

रविवार, १९ फेब्रुवारी

दुपारी आम्ही दोघं ट्रामने ठाकूरद्वारला गेलो. वडिलांनी ह्यांना समोर बसवून घेतलं. वडील हसत नाहीत, टाळी देत नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "नाव खोटं का सांगितलंत?"

हे म्हणाले, "गिरणीत कळू नये म्हणून. आणि म्हटलं, फोंडकराच्या नावावर इतकं खपवलंय, तुरुंगवासही खपवू." वडिलांनी मान डोलवली. हुशारी केलीत, म्हणाले. वडिलांच्या तोंडून हे फार झालं.

निघालो. देवळापाशी गर्दी होती. मी गजरा घ्यायला थांबले. हे माझ्याकडे न बघता, फुलवालीच्या टोपलीकडे बघत म्हणाले, "ते खरं नाही."

"काय?"

"हुशारी वगैरे. रांगेत उभं केलं होतं आम्हाला. माझ्या पुढच्याला नाव सांगायला वेळ लागला म्हणून शिपायाने दांडका घातला तोंडावर. मग माझ्याकडे वळला आणि विचारलं, नाव. आणि मला आठवेना."

मी गजरा हातात धरून उभी.

"माझंच नाव गं. येईचना. डोकं सगळं रिकामं. आईचं नाही, बाबांचं नाही, तुझंसुद्धा नाही. नुसतं फोंडकर, फोंडकर. दुसरं काही नव्हतंच आत. सांगून टाकलं. माझं नाव मला कोठडीत गेल्यावर आठवलं. तेव्हा..." आणि टोपलीतलं एक फूल उचलून परत ठेवलं. मग म्हणाले, "घरी सांगू नको. आईला एवढा आनंद झालाय त्याचा. बाबांनी जाळीपाशी विचारलं होतं, मी बोललो नाही. त्यांना बहुतेक कळलंय."

मी म्हटलं, चला, ट्राम येईल. मग वाटेत सबंध वेळ वाटत राहिलं, ह्याहून बरं काहीतरी बोलायला हवं होतं. ट्राममध्ये त्यांचा हात माझ्या पदराखाली घेतला आणि लालबाग येईपर्यंत धरून ठेवला.

घरी आलो तर सासूबाईंकडची परळची माणसं येऊन बसलेली. संध्याकाळचा चहा, सगळे दाटीवाटीने. सासूबाईंनी पदर खोचला. "ऐका तर. पोलिसान इचारला, नाव काय रे..."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हसायची तयारी करत होते. ओठ आधीच हसल्यासारखे ताणलेले आणि त्यावरचे डोळे टोपलीकडे बघत होते तसेच. आणखी एक ओळ, मग सगळे वळून ह्यांच्याकडे बघणार, टाळी मागणार. हे आता चालू राहणार. दर सणाला, दर पाहुण्याला. आमची पोरं हे ऐकत मोठी होतील आणि त्यांच्या पोरांना सांगतील, पोलिसांना गंडवलेल्या आजोबांची गोष्ट.

"...माझो झील काय म्हणता..."

मी हसले. सासूबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत, सगळ्यांच्या आधी, मोठ्याने, तोंडावर पदरही न घेता, ठसका लागेपर्यंत. सगळे माझ्याकडेच वळले. मामंजींनासुद्धा ऐकू गेलं असावं. सासूबाई गोष्टच विसरल्या. "सून हसली! बघलास? माझी सून हसली गो!" जाईबाई पाठ थोपटायला धावली, कुणी पाणी पुढे केलं, सगळी खोली माझ्याभोवती.

ह्यांना तेवढ्यात उठून मोरीत जाता आलं.